गुट्टी शाबूत, टायर शिळं : मामांच्या स्प्लेंडरचं प्रकरण

मिरगाचा पाऊस नुकता लागला होता, जून २०२४ चा दुसरा आठवडा, संध्याकाळी पाचच्या सुमारास मामेभावाच्या नंबरवरून फोन आला पण बोलणारा दुसराच कोणतरी, "तुमचा भाऊ पडलाय ओ, उजळाईवाडीजवळ सर्व्हिस रोडला, शुद्धीत हाय, घाबरू नका, पण या." मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतनं निघून तिथं पोचेपर्यंत जे काय डोक्यात यायचं ते येऊन गेलं. पोरगं रस्त्याच्या कडेला बसलेलं, डावा हात उजव्या हातानं धरलेला, आणि पहिलं वाक्य काय तर "दादा, गाडी चाळीसच्या वर नव्हती रे, आईशप्पथ." कॉलरबोन मोडलं होतं. दीड महिना खांद्याला पट्टा. हेल्मेट होतं म्हणून डोक्याला काही नाही, हेल्मेटच्या डाव्या बाजूला बोटभर लांब घासल्याची खूण आहे, ती बघितली की अजून पोटात गोळा येतो.

घडलं ते असं. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतनं शिफ्ट सुटली, पुढं एक टेम्पो, त्यानं ब्रेक मारला, ह्यानं पण दोन्ही ब्रेक लावले, पुढचं चाक घसरलं आणि गाडी डाव्या अंगावर गेली. टेम्पोला धक्का पण लागला नाही, एवढं अंतर होतं. आणि त्याच्या मागंच त्याच्या कंपनीतला एकजण तसल्याच गाडीवर होता, तो त्याच ओल्या रस्त्यावर त्याच जागी ब्रेक मारून सरळ थांबला. त्यानंच फोन लावला होता मला. ही गोष्ट माझ्या डोक्यातनं जाईना. रस्ता तोच, पाऊस तोच, स्पीड जवळजवळ तोच, मग एक पडतो आणि एक थांबतो असं का. नंतर विचारलं तर त्याचं पुढचं टायर आदल्या दिवाळीत बदललेलं.

आता गाडीची पार्श्वभूमी सांगतो कारण सगळी मेख तिथंच आहे. गाडी मामांची, स्प्लेंडर, डिसेंबर २०११ ला नवी घेतलेली. मामा म्हणजे वस्तू जपणारा माणूस. कुलूप-किल्लीला सुद्धा वर्षातनं एकदा तेल. गाडी कुणाला द्यायची नाही, रविवारी स्वतः पुसायची, लक्ष्मीपुरीत बाजाराला आणि अधनंमधनं जोतिबाला, बास. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेन स्टँडवर लावली, पुढं त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि गाडी तिथंच राहिली, चार वर्षं. एप्रिल २०२४ ला पोराला नोकरी लागली तेव्हा बाहेर काढली. मीटरवर २१,४०० किलोमीटर. साडेबारा वर्षांत एवढंच.

बाहेर काढल्यावर गॅरेजला दिली, नाव घेत नाही. नवी बॅटरी, ऑइल बदललं, कार्बोरेटर साफ, प्लग नवा, ब्रेक शू घासून बसवले, दोन्ही टायरला हवा मारली आणि वरनं काळं पॉलिश मारलं. गाडी अशी चकाचक आली की गल्लीतली पोरं बघायला जमली. मी पण बघितली. मी पण टायरकडं बघून "भारी दिसतंय की" म्हटलेलं आहे, हे इथं लिहिणं मला भाग आहे. पुढच्याची गुट्टी, म्हणजे टायरवरची खाचांची नक्षी, बऱ्यापैकी शिल्लक, मागच्याच्या कडेला तर ते रबराचे बारीक केस सुद्धा तसेच. मामा म्हणाले, "नवीच हायत रं टायरं, केस हायत की अजून त्येला." आम्ही सगळ्यांनीच मान डोलावली.

अपघातानंतर दोन दिवसांनी मी गाडी टेम्पोत घालून आणली आणि शेडमध्ये बसून नीट बघितली. आधी हवा. पुढं १७, मागं २४. गाडीच्या पुस्तकात पुढं २५ आणि मागं एकट्याला २८ सांगितलंय. पडताना थोडी गेली असेल असं धरलं तरी पुढची कमीच होती, पोरानं मान्य केलं की दोन महिन्यांत एकदाच भरलेली. मग एका मित्राकडनं व्हर्नियर आणून गुट्टीची खोली मोजली, पुढं २.६ मिलिमीटर, मागं पाचच्या आसपास. केंद्रीय मोटार वाहन नियमात दुचाकीच्या टायरसाठी कमीत कमी ०.८ मिलिमीटर खोली सांगितलीय, म्हणजे त्या हिशोबानं दोन्ही टायर आरामात पास. कुणीही पास केली असती, पीयूसीवाला तर धूरच बघतो, त्याचा टायरशी संबंध नाही.

मग फडकं ओलं करून ते काळं पॉलिश घासून काढलं आणि खालनं जे निघालं ते बघून मी तिथंच खाली बसलो. पुढच्या टायरच्या साइडवॉलवर भेगाच भेगा. पण सगळीकडं सारख्या नाहीत, ही गंमत बघा, एका जागी साधारण वीतभर लांबीत भेगा खोल, नख आत जाईल एवढ्या, आणि बाकी गोलाईत बारीक, केसासारख्या. मेन स्टँडवर मागचं चाक उचललेलं असतं आणि पुढचं जमिनीवर टेकलेलं. चार वर्षं टायर एकाच जागेवर टेकून होतं, त्यात हवा हळूहळू उतरून गेलेली, म्हणजे त्या जागी साइडवॉल फुगून दुमडलेली, रबर चोवीस तास ताणात. हवेत थोडाफार ओझोन असतोच, तो ताणलेल्या रबराला खातो, आणि भेग पडते ती ताणाला आडवी. सैल रबराला तो फारसं काही करत नाही. त्यामुळं ती वीतभर जागा म्हणजे टायर कुठं टेकलं होतं त्याचा पुरावाच. डाव्या बाजूला तर रंग पण उडालेला, काळ्याचा राखाडी, कारण शेडच्या त्या बाजूनं दुपारनंतर ऊन यायचं.

आता कोड. टायरच्या साइडवॉलवर बाकी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, लांबट चौकटीत, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे, त्याच्या आधी तीनच असायचे. बऱ्याच टायरवर हा कोड एकाच बाजूला असतो, त्यामुळं एका बाजूला दिसला नाही तर खाली वाकून दुसऱ्या बाजूला बॅटरी मारून बघायचं. पुढच्यावर निघाला ४१११. एक्केचाळिसावा आठवडा, २०११, म्हणजे ऑक्टोबर. गाडीबरोबर आलेलं टायर, कधी बदललंच नाही, बारा वर्षं आठ महिने. मागच्यावर ०९१४. फेब्रुवारी २०१४ चा शेवट.

मागच्याच्या आकड्यावर मी जरा अडलो, कारण मामा ठामपणे सांगत होते की मागचं टायर २०१६ ला टाकलंय. मामा जपणारे असल्यामुळं पावती पण निघाली, गाडीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून, ऑक्टोबर २०१६. मामांचं खरं होतं. पण दुकानात ते टायर आलं तेव्हाच अडीच वर्षांच्या वरचं होतं. कुणी बघितलं नाही, कुणी सांगितलं नाही. आपण टायरचं वय धरतो ते विकत घेतल्या दिवसापासनं, आणि रबराचं वय सुरू होतं कारखान्यातल्या साच्यातनं बाहेर पडल्या दिवसापासनं.

ह्या प्रकरणात मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की गुट्टी किलोमीटर सांगते, वर्षं सांगत नाही. आपल्याकडं टायर बघायचं म्हणजे गुट्टी बघायची हीच पद्धत आहे, आणि रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी पळवणाऱ्याला ती पुरते सुद्धा, कारण त्याचं टायर म्हातारं व्हायच्या आत झिजून जातं. मार खातो तो कमी चालवणारा. रिटायर्ड माणसाची गाडी, पोरगं पुण्याला नोकरीला गेलं म्हणून दारात लावलेली गाडी, पोरगी शिकायला बाहेरगावी गेली म्हणून कव्हर घालून ठेवलेली स्कूटी. आणि जुनी गाडी विकायला काढताना हेच कौतुकानं सांगतात, "एका हातातली, रनिंग कमी, टायर ओरिजनल". ओरिजनल टायर म्हटलं की आता मी आधी खाली वाकतो.

रबराचं नक्की काय होतं ते पण लिहितो, कारण नुसतं "जुनं झालं" म्हणून कुणाला पटत नाही. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनपासनं वाचवणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरतं, दबतं, सुटतं, तसं ते आतलं मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि त्याचा पातळ थर तयार होतो. नव्या टायरवर कधीकधी तपकिरी झाक दिसते ना, ती त्यातल्याच रसायनाची, घाण नसते ती. गाडी उभी राहिली की हे येणं मंदावतं, म्हणजे जी गाडी आपण जपून उभी करतो तिच्याच टायरला संरक्षण कमी मिळतं. दुसरीकडं हवेतल्या ऑक्सिजनमुळं रबर आतनं कडक होत जातं, उष्णतेत ते जोरात होतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेला काय उकडतं ते कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत बसत नाही. कोरड्या रस्त्यावर एवढं जाणवत नाही, एप्रिल-मे दोन महिने पोरानं हीच गाडी बिनघोर चालवली. पहिला पाऊस पडला, रस्त्यावर धूळ आणि ऑइलचा चिकट थर झाला, आणि मग त्या कडक टायरकडं धरायला काही राहिलं नाही. पडलेल्या ठिकाणी टायर घासल्याची जागा मी बघितली, तिथं रबर सोललेलं नव्हतं, नुसतं काचेसारखं चकाकत होतं.

सगळा दोष वयावर टाकतोय असं नाही. पुढं हवा कमी होती, ते एक. पहिल्या पावसातला रस्ता, ते दुसरं. पोरानं पुढचा ब्रेक घाबरून एकदम दाबला असणार, ते तिसरं. यातलं कुठलंही एक असतं तर कदाचित गाडी थोडी वळवळली असती आणि सावरली असती. पण हवा पाच मिनिटांत भरता येते, पाऊस आपल्या हातात नाही, घाबरून ब्रेक दाबणं माणसाकडनं होणारच. बारा वर्षांचं टायर मात्र एप्रिलमध्ये आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर उभं होतं, चार आकडे लिहून, आणि आम्ही केस मोजत होतो.

नवी टायरं घ्यायला शाहूपुरीत गेलो. दुकानदारानं पहिलं काढलं त्याचा कोड १८२२, म्हणजे दोन वर्षांचं. मी म्हटलं ह्याच्यापेक्षा ताजं द्या. तो म्हणाला, "ओ पाव्हणं, टायर काय दूध हाय व्हय नासायला?" माणूस वाईट नव्हता, खरंच त्याला तसं वाटत होतं. आणि अर्धं त्याचं बरोबर पण आहे, सावलीत, थंड जागी, ऊन न लागता ठेवलेलं टायर दोन वर्षांत खराब होत नाही. पण पैसे मी पूर्ण आयुष्याचे देणार आणि त्यातली दोन वर्षं त्याच्या गोडाऊनमध्ये गेलेली, हे मला का चालावं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर आपण डोळ्यासमोर धार काढलेलं दूध पितो ना, मग इथं आकडा वाचून मागायला काय लाज. आतनं शोधून आणली, पुढचं ०६२४, मागचं ०९२४. दोन्ही टायर, दोन्ही ट्यूबा, रिम टेप आणि बसवणावळ धरून चार हजाराच्या आत काम झालं. पोराच्या एक्स-रे आणि औषधांचा खर्च ह्याच्या कितीतरी पट.

टायर उतरवताना मी पंक्चरवाल्याजवळच उभा होतो. पुढचं टायर रिमवरनं सुटेना. लिव्हर घालून दाब दिला की कडाकडा आवाज, वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा, आणि कडेचा एक तुकडाच तुटून हातात आला. आत ट्यूब टायरला चिकटलेली, वॉल्वच्या मुळाशी भेग, रिम टेप गंजानं लाल होऊन फाटलेली. म्हणजे त्या सर्व्हिस रोडला नाही तर पुढं कधीतरी हायवेवर ट्यूब वॉल्वपाशी फाटली असती. टायर बदलताना ट्यूब वाचवायची सवय असते आपल्याला, दोन-तीनशे रुपयांसाठी, ती ह्या दिवसानंतर मी सोडली. नवं टायर बसवताना साइडवॉलवरचा बाण चाक फिरायच्या दिशेनं आहे का ते बघून घेतलं, आणि पोराला बजावून ठेवलं की पहिले दीडशे किलोमीटर जपून, नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो घासून जाईपर्यंत वाकवायची नाही आणि जोरात ब्रेक नाही.

पंक्चरवाला म्हणाला, मागचं टाकू नका, माझ्याकडं ठेवतो, गुट्टी हाय, कुणालातरी चालंल. मला कळतंय त्याचं पण, पोट आहे. पण ते टायर परत कुणाच्यातरी गाडीखाली गेलं असतं आणि त्यानं पण केस बघूनच घेतलं असतं. मी त्याच्याकडनंच चाकू मागून दोन्ही टायरच्या साइडवॉल तिथंच कापल्या. कडेची तार कापत नाही, पण साइडवॉल चिरली की टायर कुणी वापरू शकत नाही.

त्यातले दोन तुकडे आणि नव्या टायरची गाडी घेऊन उद्यमनगरात एका मित्राकडं गेलो, तो रबरी बुश आणि सील बनवतो, त्याच्याकडं रबराचा कडकपणा मोजायचं छोटं मीटर आहे, टोकाची सुई रबरावर दाबायची, काटा आकडा दाखवतो, शोअर ए म्हणतात. नव्या टायरवर ६२-६३. मागच्या जुन्यावर ७६. पुढच्या जुन्यावर ८०. मित्र म्हणाला, ८० म्हणजे टायर राहिलं नाही भावा, बुटाची टाच झाली. मीटर सगळ्यांकडं नसतं, त्याला नख चालतं. गुट्टीवर अंगठ्याचं नख जोरात दाबायचं, नव्या टायरवर खूण उमटते आणि हळूच भरून येते, पुढच्या जुन्यावर माझं नख दुखलं पण खूण उमटली नाही.

किती वर्षं चालवायचं, हे मला तेव्हापासनं बरेचजण विचारतात. मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात की वापरात येऊन पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडनं तपासून घ्या आणि तयार झाल्या तारखेपासनं दहा वर्षं झाली की दिसायला कसंही असो, काढा. दहा ही शेवटची रेघ आहे, तिथपर्यंत ताणायचं असा त्याचा अर्थ नाही. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सहा वर्षं खूप झाली, आणि गाडी दुसऱ्याच्या, त्यातनं पोराबाळांच्या हातात द्यायची असेल तर त्याच्याही आधी. मधल्या काळात हवा पंधरा दिवसाला, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर हवा भरून, सावलीत, जमल्यास पुढच्या चाकाचं वजन उचलून, नाहीतर आठवड्याला चाक थोडं फिरवून ठेवायचं.

एक गोष्ट राहिली. मागच्या टायरवर भेगा पुढच्यापेक्षा कमी असायला पाहिजे होत्या, ते हवेत उचललेलं होतं, त्याच्यावर वजन नव्हतं, आणि झाकलेल्या बाजूला होतं. तरी त्याच्या साइडवॉलचं रबर कोरडं, फिकट, हात लावला की काळी पूड बोटाला. मित्रानं विचारलं ह्याला काय लावत होता? मी मामांना विचारलं. मामा रविवारी गाडी रॉकेलच्या फडक्यानं पुसायचे, रिम, मडगार्ड आणि चमकावं म्हणून टायर पण. वर्षानुवर्षं. रॉकेलनं रबर फुगतं, त्यातलं मेण-तेल निघून जातं आणि रॉकेल उडून गेलं की उरतं ते कोरडं रबर.

हे त्यांना सांगताना मला जड गेलं. मी जुना तुकडा आणि गाडी दोन्ही समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, जुन्यावर नख दाबलं, नव्यावर दाबलं, परत जुन्यावर दाबलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मामी आतनं चहा घेऊन आल्या तर म्हणाले ठेव तिथं. मग मला म्हणाले, "म्हंजे मी जपलं नाही, वाळवलं."

मी म्हटलं मामा, कुणालाच माहिती नसतं हे, मी पण तर बघून भारी म्हटलं होतं.

पोरगं आता बरं आहे, ऑगस्टमध्ये कामावर परत गेलं, त्याच गाडीवर. दोन्ही टायरचे कोड त्या प्लास्टिकच्या पाकिटात पावतीमागं मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेत. हे सगळं लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं होतं, म्हणाले लिही की, आणि रॉकेलचं पण लिही, ते गाळू नको.